हिरवा ठिपका, आडवी रेघ

३ जून, मंगळवार

माझं भिंग रुचिताने न विचारता घेतलं. स्टँडचं भिंग, वाकवायच्या मानेचं. बिल्ल्यांचा कारखाना बंद झाला तेव्हा मी मालकाकडून मागून घेतलेलं. सव्वीस वर्षं त्याच्याखाली डोळे फोडले तेव्हा मिळालं. आणि ही चोवीस वर्षांची घोडी ते उचलून आपल्या खोलीत घेऊन गेली, त्याखाली प्लास्टिकच्या भुतांना रंग लावत बसली. विचारलं तर म्हणते, "आजी, तू सहा महिन्यांत त्याला हात लावलेला नाहीस." माझी वस्तू आहे. मी तिला हात लावीन नाहीतर नुसतं हळदकुंकू वाहीन.

सुदेशला सांगितलं. पोटचा मुलगा, मोबाईलमधून मान वर न करता "हो आई" म्हणाला. सूनबाईंना, म्हणजे संचिताला, सांगितलं. ती कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिली. या घरात तोंडाने सांगितलेलं हवेत जातं, म्हणून आता लिहून ठेवायचं. वही सुदेशच्या ऑफिसची, गेल्या वर्षीची. तारखा मी खोडून माझ्या घालते.

आता नमस्कार. मी नंदा, वय बहात्तर, शिक्षण चौथी, मुक्काम नांदिवली, डोंबिवली पूर्व. शुद्धलेखनाच्या चुका काढू नयेत.

६ जून, शुक्रवार

नीट चौकशी केली. ही भुतं म्हणजे खेळ आहे. बोटाएवढी माणसं, प्रत्येकाच्या हातात काहीतरी हत्यार. सुट्या तुकड्यांत येतात. ती चिकटवायची, रंगवायची आणि मग टेबलावर दोघांनी समोरासमोर लढवायची. ठाण्याला नौपाड्यात त्याचं दुकान आहे, सलिल म्हणून कोणी चालवतो. पंधरवड्याला रविवारी सामने असतात, त्याला लीग म्हणतात. रुचिताचं सैन्य बारा जणांचं. समुद्रात बुडून मेलेले खलाशी. मेले तरी सुटका नाही, पुन्हा लढायला उठलेत.

हे सगळं तिने मला सांगितलं कारण बापाशी भांडण झालं आणि तिला बाजूने बोलणारं कोणीतरी हवं होतं. जानेवारीत हिने ऐरोलीची नोकरी सोडली, दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या ऐकायची. तेव्हा घरी आली की बाथरूममध्ये नळ सोडून तासभर बसायची. जाळीत केसांचा बोळा अडकायचा तो मी काढायची. दोनदा दार वाजवून सांगितलं की टाकी अख्ख्या बिल्डिंगची आहे. आता सुदेश म्हणतो, गणपतीपर्यंत मुदत. नाहीतर वागळे इस्टेटला त्याच्या मित्राच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर आकडे भरायला बसायचं.

ती म्हणते, सलिल दुकानात रंगकामाची खोली काढतोय. परदेशातले लोक ही माणसं रंगवून घ्यायला पाठवतात. पगारावर एकच माणूस ठेवणार. चोवीस ऑगस्टला लीगचा शेवटचा दिवस, त्या दिवशी रंगकामात जो पहिला येईल त्याला.

"बाबा, मला एवढं एकदा करू द्या."

"बाहुल्या रंगवून पोट भरतं का?"

मी म्हटलं, "मी बिल्ले रंगवून तुझं भरलं."

मी तिच्या बाजूने बोलले नव्हते, सुदेशला त्याची जागा दाखवली होती. पण तिने रात्रीचं जेवण झाल्यावर येऊन माझे पाय दाबले. दाबू दिले.

८ जून, रविवार

भिंग ठाण्याला घेऊन चालली होती, म्हणून भिंगाबरोबर मीही गेले.

दुकान एका झेरॉक्सवाल्याच्या वर आहे. चार टेबलं, त्यावर थर्माकोलचे डोंगर, पडकी देवळं, कापसाचा धूर. आत दाढीवाले बाप्ये, पोटं सुटलेली, इंजिनियर म्हणे. धुरातून बाण जातो की नाही यावर भांडत होते. बाईमाणूस म्हणजे आमची रुचिता एकटी. तिथे ती वेगळीच. आवाज मोठा, हसते काय, एकाच्या पाठीत थाप मारते काय. घरी तिला मीठ मागितलं तर ऐकू येत नाही.

सलिल म्हणजे केस बांधलेला, बारीक, पस्तिशीचा. "आजी, बसा. चहा?" एक गडी आला नव्हता, जोडी अडली होती. कोणीतरी म्हणालं, "आजीला घ्या." सगळे हसले. सलिलने दुकानातलं एक सैन्य माझ्यापुढे ठेवलं. बुटके. दाढीवाले, कुऱ्हाडीवाले, जागचे फारसे हलत नाहीत. दहा मिनिटांत नियम सांगितले. टेपने इंच मोजून माणूस पुढे न्यायचा, पासे टाकायचे, पाशांवर कोण मेलं ते ठरतं. यात इंजिनियर व्हायचं काय आहे?

मी बुटके पुलाच्या तोंडाशी उभे केले आणि हलवलेच नाहीत. समोरचा येत राहिला, मरत राहिला. त्याचं बायकोशी पटत नसणार. प्रत्येक चालीला दुसऱ्या कोणाकडे तरी बघत होता, बरोबर ना, बरोबर ना. शेवटी त्याचा राजा मेला तेव्हा मी म्हटलं, "आता कोणाला विचारणार?"

जिना उतरताना रुचिताने माझा हात धरला. "आजी, तू कसली भारी आहेस." मला जिने उतरता येतात. पण सोडवला नाही.

२२ जून, रविवार

बुटके मी विकत घेतले. कच्चे, करडे. मीच रंगवणार म्हटल्यावर रुचिता खूश झाली, तिचे दोन ब्रश दिले, पाण्याची वाटी मांडली, बाजूला बसवलं. मला ब्रश कसा धरायचा ते दाखवायला लागली. मी तिच्याकडे बघितलं. मग नाही दाखवलं.

बिल्ल्याचं काम असं असतं. पितळेच्या बिल्ल्याला खोबणी असतात, त्यात सुईने रंग भरायचा. पोलिसांचे, शाळांचे, स्काउटचे. रंग काठाला टेकला पाहिजे पण काठावर चढता कामा नये. चढला की माल बाद. मग भट्टी. मागच्या बाजूला प्रत्येकीने आपली खूण करायची, म्हणजे माल परत आला तर कोणाच्या तोंडावर मारायचा ते कळतं. माझी खूण हिरवा ठिपका आणि त्याखाली आडवी रेघ. सव्वीस वर्षांत त्या खुणेचा माल अकरा वेळा परत आला. दुसरीचा दाखवा.

एका दुपारात तीन बुटके झाले. दाढी पांढरी म्हणजे पांढरी, कुऱ्हाड चंदेरी म्हणजे चंदेरी. तळाला खूण केली. रुचिता म्हणाली, "खालून कोण बघणार आजी?"

"ज्याला बघायचं तो बघतो."

६ जुलै, रविवार

आज विश्राम म्हणून एकांशी सामना. बँकेतून रिटायर, सदुसष्टचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुस्तकातलं. "नंदाताई, आपली कीर्ती ऐकून आहे." माझा बुटका उचलून बघितला. "फार स्वच्छ काम. आपणच केलंत?" मी बुटका उलटा करून खूण दाखवली, कारखान्याचं सगळं सांगितलं. बाकीचेही जमले ऐकायला. आता दुकानात सगळ्यांना माझी खूण माहीत आहे.

यांचा हात थरथरतो, डावा जास्त. कसलासा आजार. माणूस उचलून पुढे ठेवतात तो ठेवताना सरकतो. बाकीचे बघून न बघितल्यासारखं करतात. मी टेप लावली. "अर्धा इंच जास्त आला तुमचा." त्यांनी मागे घेतला तर फार मागे गेला. मग परत पुढे. असं सात वेळा झालं. सातव्यांदा ते म्हणाले, "माझ्या वतीने आपणच ठेवता का?"

मी म्हटलं, "मी माझे ठेवते, तुम्ही तुमचे ठेवा. ठेवता येत नसतील तर घरी टीव्हीवर बुद्धिबळ बघा."

आजूबाजूची टेबलं एकदम शांत झाली. माझा डाव बघत असावेत. जिंकले.

येताना रुचिता म्हणाली, "काका पंधरवड्यात तेवढे एकदाच घराबाहेर पडतात, आजी."

"मग धड पडावं."

डोंबिवली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मला काय, मी डोळे मिटून बसले.

१५ जुलै, मंगळवार

भिंग अजून तिच्याच टेबलावर.

२० जुलै, रविवार

विश्राम साहेब आज आले नाहीत.

रुचिताशी सामना पडला. तिचे खलाशी माझ्या बुटक्यांसमोर आलेच नाहीत. बाजूने, पडक्या भिंतीमागून फिरून आले आणि मागून कापलं. हे असलं मी तिला शिकवलेलं नाही. हरले. टाळ्या वाजल्या, सगळ्यांत जोरात तीच हसली.

ते जाऊ दे. पुढचं लिहायचं आहे. सलिल टेबलाशी वाकून दोन्ही सैन्यं बघत होता. मी विचारलं, "कोणाचं सरस?" तो आढेवेढे घ्यायला लागला. मी म्हटलं, "बायकोला साडी दाखवत नाहीयेस, बोल." तर म्हणाला, "आजी, तुमचं काम स्वच्छ आहे, एक रेघ चुकलेली नाही. पण रुचिताचे खलाशी बघितले की आपले हात ओले झाल्यासारखे वाटतात."

मी बघितलं. कोट गंजून चाललेले, बटणांवर हिरवं, गाल सुजलेले, दाढीत शेवाळ, कडेकडेने पांढरं मीठ. एकाही माणसाचा एकही रंग जागेवर नाही. आमच्याकडे असा बिल्ला निघाला असता तर सुपरवायझरने पोरीला त्याच दिवशी घरी पाठवली असती.

"हे मळकट आहे," मी म्हटलं.

रुचिता हसत होती, जिंकलेली होती ना. म्हणाली, "आणि तुझे बुटके बिल्ल्यांसारखे दिसतात आजी."

चारचौघं हसले. सलिलही हसला.

टीव्हीच्या वर माझी पाटी आहे. निळ्या मखमलीवर छत्तीस बिल्ले, प्रत्येक तऱ्हेचा एक. कारखाना मिटला तेव्हा मालकाने फ्रेम करून दिलेली. घरी आल्यावर पुसून ठेवली. पाटीची काच गेल्या दिवाळीत संचिताने फोडली, ती अजून बसवलेली नाही, हेही लिहून ठेवते.

३ ऑगस्ट, रविवार

आज सलिलने शेवटच्या दिवसाचे नियम वाचून दाखवले. परीक्षक दोन, पुण्याहून येणार, कोणाच्या ओळखीतले नाहीत. त्या दिवशी टेबलावर असेल त्यालाच गुण. ज्याचं सैन्य त्याचाच ब्रश. दुसऱ्याच्या हाताचा रंग सापडला तर बाद. हे बरोबर आहे. नियम असावेत.

सगळे म्हणतात रुचिताच येणार पहिली. दुसरा सम्यक म्हणून कल्याणचा मुलगा आहे, तो स्वतःच तिला म्हणाला, "ताई, मी आपला दुसऱ्या नंबरसाठी येतोय." तिने नखं खाल्ली तेवढ्यात.

२० ऑगस्ट, बुधवार

बारा पूर्ण झाले. तिने मला हाक मारली, डोळे मिटायला लावले, भिंगाखाली एक खलाशी ठेवला, म्हणाली, "आता बघ."

बुडालेलाच दिसत होता. ओठ निळे, एका डोळ्यात पाणी.

"कसा आहे?"

"अजून कच्चा वाटतो," मी म्हटलं.

तिने खलाशी उचलून पेटीत ठेवला. "आजी, एकदा तरी," म्हणाली आणि पुढचं गिळलं. एकदा तरी काय ते बोलायचं होतं. मी वाट बघितली.

भिंग मात्र परत देऊन गेली. म्हणाली, काम झालं.

२३ ऑगस्ट, शनिवार

रुचिता सकाळीच ठाण्याला गेली, टेबलं मांडायला, सलिलला मदत. पेटी कपाटावर. सुदेश आणि संचिता गणपतीच्या सामानाला कल्याणला गेले. घरात मी एकटी.

उद्या पुण्याची माणसं येणार. ती काय ओळखीची नाहीत की हिच्या वयाकडे बघून सोडून देतील. त्यांच्यापुढे ही शेवाळलेली, गंजलेली माणसं ठेवणार? पोरीचं सगळं यावर आहे, हे घरात मला एकटीलाच कळतं. आमच्याकडे नवीन पोरीचा माल भट्टीत जायच्या आधी जुनी बाई त्याच्यावरून हात फिरवायची. त्याला फिनिशिंग म्हणत. माल त्या पोरीचाच राहायचा. त्याला रंगवणं म्हणत नाहीत, दुरुस्ती म्हणतात.

अकराला बसले, चारला उठले, मध्ये नुसता चहा. गाल गालाच्या रंगाचे केले. ओठ लाल. कोट निळे, काठ सोडून केसभरही बाहेर नाही. बटणं सोनेरी, बारा गुणिले सहा. दाढ्या काळ्याभोर. ती पांढरी मिठाची घाण सगळी झाकली. रंग टिकावा म्हणून वरून मारायचा स्प्रे पावसात पांढरट पडतो म्हणून रुचिता मारत नव्हती, मी माझ्या बिल्ल्यांचं चकाकीचं रोगण ब्रशने दिलं, डबी अजून होती. आता कशी माणसं वाटतात. लग्नाला निघाल्यासारखी.

हात अजिबात हलला नाही. बहात्तराव्या वर्षी. सलिलने बघावं.

तळाला खूण झाली. सवयीने हात गेला.

पेटी होती तशी कपाटावर ठेवली. ती आठला आली, दमलेली, खिचडी खाऊन झोपली. मी काही बोलले नाही. उद्या कळेलच.

२४ ऑगस्ट, रविवार

सगळं नीट लिहिते, कारण घरात वेगवेगळं सांगितलं जाईल.

दुकान भरलेलं. विश्राम साहेबही आले होते, लांब बसले होते. रुचिताने टेबलावर काळं कापड अंथरलं, पेटी उघडली. पहिला खलाशी काढला आणि हातात धरून राहिली. मला वाटलं आता वळून बघेल. वळली नाही. मग दुसरा काढला. बारा काढले, बारा ओळीत मांडले. ट्यूबलाइट त्यांच्या गालांवर चमकत होती. बाजूचा इंजिनियर बघायला आला, "अरे" म्हणाला आणि तसाच मागे गेला.

ती उभी राहिली, हात मागे बांधून. मी खुर्चीवर होते, चार फुटांवर.

विश्राम साहेब आले. तिच्याकडे बघितलं, खलाशांकडे बघितलं. एक उचलला. हात थरथरला, खलाशी आडवा पडला, तळ वर. त्यांनी तळ बघितला. मग घाईघाईने दोन्ही हातांनी त्याला झाकून सरळ उभा करायला लागले. ते त्यांना जमेना. पुण्याचे परीक्षक शेजारच्या टेबलाशी पोचले होते.

मी उठले. म्हटलं, "द्या इकडे. पाडलात तर पाडलात, लपवता कशाला? माझ्या हाताचा रंग पडून उडत नाही." आणि त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला.

"नंदाताई, नको," ते हळूच म्हणाले. काय नको ते सांगितलं नाही.

परीक्षकांनी विचारलं, "आजी, ही खूण कोणाची?"

"माझी. सव्वीस वर्षांची."

"आणि सैन्य?"

"हिचं. नातीचं."

त्यातल्या एकाने उरलेले अकरा एकेक करून उलटे केले. अकराही तळांना हिरवा ठिपका, आडवी रेघ, एकही रेघ तिरकी नाही. तो कागदावर लिहायला लागला. सलिल धावत आला. "सर, थांबा. मी हे सैन्य बघितलंय, इथल्या सगळ्यांनी बघितलंय. हे असं नव्हतं. रुचिता, तुझ्याकडे फोटो आहेत ना? दाखव."

ती म्हणाली, "टेबलावर जे आहे ते आहे."

"अगं पण सांग तरी काय झालं."

ती माझ्याकडे बघत होती. सगळ्यांना सांगायला तोंड होतं तिला, फोन खिशात होता. मी म्हटलं, "सांग की. मी दुरुस्ती केली म्हणून सांग. घाबरतेस कशाला?"

"काही झालं नाही, सलिल," ती म्हणाली.

परीक्षक म्हणाले, हे दुसऱ्या हाताचं काम आहे, नियम नियम आहे. बाद. जागा सम्यकला मिळाली. तो बिचारा टाळ्या वाजतानाही तिच्याकडेच बघत होता, बक्षीस घ्यायला दोनदा हाक मारावी लागली. माझ्या बुटक्यांना उत्तेजनार्थ मिळालं. प्रमाणपत्रावर लिहिलंय, हाताच्या स्थिरतेसाठी.

जाताना मी म्हटलं, "आभार मानले नाहीस ते नाहीस, पिशवी तरी घे." तिने पिशवी घेतली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दीड दिवसाचा गणपती काल गेला. आरतीला रुचिता होती, टाळ वाजवत होती, तोंड मिटलेलं. प्रमाणपत्र फ्रेम करून आणलं, बिल्ल्यांच्या पाटीच्या शेजारी लावलं. संचिता म्हणाली, "आई, आत्ताच लावायला हवं का?" खिळा काय वर्षभर वाट बघेल?

सुदेशने विचारलं, "आई, तू मुद्दाम केलंस का?"

जन्म दिलेल्याने हे विचारावं. मी जेवले नाही त्या रात्री. कोणी दुसऱ्यांदा बोलवायलाही आलं नाही, तेही लिहून ठेवते.

१ सप्टेंबर, सोमवार

रुचिता वागळे इस्टेटला लागली. सकाळी आठ दहाला निघते. आमच्या जुन्या कारखान्याच्या पुढच्याच गल्लीत. मी म्हटलं, "माझी पायवाट तुला आयती." ती बूट घालत होती. नाडी बांधली, सोडली, परत बांधली.

सलिलचा फोन येतो, ती उचलत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

बाथरूममध्ये तास झाला. नळ चालू. दार वाजवलं नाही मी. वरच्या मजल्यावरचे येतील ओरडायला, तेव्हा बघू.

जाळीतला बोळा काढला.

२१ सप्टेंबर, रविवार

चार दिवस टिटवाळ्याला बहिणीकडे, मीराबाईकडे होते, तिच्या सासऱ्यांचं श्राद्ध. आज दुपारी आले. चप्पल काढली, वर बघितलं, आणि माझी पाटी गंजली होती.

छत्तीसच्या छत्तीस. पोलिसांचा तांबूस तपकिरी होऊन खाली ओघळलेला. स्काउटचा पोपडे धरून फुगलेला. टाचण्यांपासून गंजाचं पाणी निघून मखमलीवर उतरलेलं, कडांना पांढरा खार. मी सुदेशला हाक मारली. भिंत ओली झाली तेव्हा सांगत होते, वरच्यांचं गळतंय, या घरात माझं कोणी ऐकत नाही, चार दिवस पाठ फिरवली तर माझी सव्वीस वर्षं पाण्यात घातली. अर्धा तास बोलले. सुदेश भिंतीला हात लावून बघत होता. "आई, भिंत कोरडी आहे."

मग लक्षात आलं. पितळ गंजत नाही. पितळावर हिरवं चढतं, गंज लोखंडाला. हे कारखान्यातली आठ दिवसांची पोरगी सांगेल. आणि मी, सव्वीस वर्षं पितळ हाताळलेली, गंज बघून अर्धा तास बोंबलत होते.

पाटी उतरवली, भिंगाखाली घेतली. नखाने खरवडलं, नखाला काही आलं नाही. रंग आहे. शेवटपर्यंत रंग. पाणी जसं उतरेल तसाच उतरवलेला, एका बिल्ल्यावरून दुसऱ्यावर. जिथे मी पुसायची तिथे पातळ, जिथे माझं फडकं पोचत नव्हतं तिथे जाड. म्हणजे ही पोरगी मला पुसताना बघत होती, किती वर्षं कोण जाणे.

एकेक बिल्ला काढून उलटा करून बघितला. माझी खूण प्रत्येकावर होती, तिच्यावरही गंज चढवलेला. दिसते, पण बुडाल्यासारखी. स्वतःची खूण कुठेच केलेली नाही. तशी गरजही नाही.

रुचिता खोलीतून बाहेर आली, पाणी प्यायली, माझ्या हातातली पाटी बघितली. मी म्हटलं, "हे तू केलंस?"

"दुरुस्ती केली," म्हणाली आणि आत गेली.

२२ सप्टेंबर, सोमवार

सगळे कामाला गेल्यावर पेटी काढली. बारा खलाशी तिने टाकले नव्हते. एकाच्या गालावरचा माझा रंग सुईने उकरून बघितला. हलक्या हाताने, मला येतं ते. माझ्या रंगाबरोबर खालचाही निघाला. दोन्ही एकदम. खाली करडं प्लास्टिक. दुसऱ्यावर बघितलं, तेच. माझं रोगण चांगलं असतं.

मग जुन्या एका बुटक्यावर गंज करून बघितला. तपकिरी लावला तर तपकिरी दिसतो, गंज दिसत नाही. चार वेळा केला. कडेचं ते पांढरं मीठ तर ब्रशने येतच नाही. रंग ब्रशने मारता येतो, मीठ आपणहून आल्यासारखं दिसतं. दुपारभर बसले. रंगातली मला न येणारी गोष्ट आज पहिल्यांदा हाताला लागली.

विश्राम साहेबांचा नंबर सलिलकडून घेतला, त्यांना ठाऊक आहे का बघायला. ते म्हणाले, "नंदाताई, ते फक्त तिला येतं." मग म्हणाले, "बरी आहे का ती?" मी फोन ठेवला.

म्हणून इथे विचारते. बिल्ल्यांच्या कडेला ते मीठ कशाने आणलं? आधी लावलं की शेवटी? ओल्यावर की सुकल्यावर? कशाला हवं ते विचारू नये. बारा आहेत एवढं सांगते.

भिंग तिच्या टेबलावर ठेवलंय, ही वही त्याखाली उघडी. खाली अर्धं पान कोरं सोडलं आहे. उत्तर रुचितानेच द्यायचं, तिच्या हाताने. सुदेशने मध्ये तोंड घालायचं नाही, संचिताने तिच्या वतीने गोड लिहायचं नाही. ती देईल तेव्हा. तोवर या पानाला कोणी हात लावायचा नाही.